जाता येत नव्हतं

नात्सुकी सुबारू मला पहिल्या सीझनमध्ये अजिबात आवडला नव्हता. ‘री:झीरो’ या जपानी ॲनिमेचा हा नायक. शाळा सोडून घरात कोंडून घेतलेला मुलगा रात्री दुकानातून नूडल्स आणि चिप्स घेऊन बाहेर पडतो, तो थेट एका जादूच्या राज्यात. तिथं त्याला ना तलवार येते ना मंत्र. एकच गोष्ट जमते: मेला की काळ थोडा मागे सरकतो आणि तो पुन्हा जिवंत होतो. आधी घडलेलं फक्त त्याला आठवतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही; सांगायला गेला की एक अदृश्य हात त्याचं काळीज आवळतो. दुसऱ्यांसाठी पुन्हा पुन्हा मरणारा नायक म्हटल्यावर आपण लगेच हात जोडतो. पण हा मुलगा बढाईखोर, चिकट आणि मनात हिशेब ठेवणारा. पहिल्या सीझनच्या मध्यावर ज्या एमिलियावर त्याचा जीव जडलेला आहे, तिलाच तो सुनावतो की मी तुझ्यासाठी इतकं केलं, तू माझं देणं लागतेस. तिला त्यातलं काहीच ठाऊक नसतं, कसं असणार? मी टीव्ही बंद करायला उठलो होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, थांब ना. तो मुद्दामच असा लिहिलाय.”

पोरगा बरोबर होता. ताप्पेई नागात्सुकी या लेखकानं ही कथा २०१२ पासून आधी इंटरनेटवर लिहिली, २०१४ पासून ती पुस्तकरूपात येऊ लागली आणि २०१६ मध्ये ‘व्हाइट फॉक्स’ या स्टुडिओनं तिचे पंचवीस भाग केले. दुसऱ्या जगात जाऊन पडणाऱ्या नायकांच्या जपानी कथा ढिगानं आहेत. तिथं पोचताच बहुतेकांचं न्यूनत्व गळून पडतं आणि ते पराक्रमी होतात. सुबारू जसाच्या तसा जातो. इकडची खोड तिकडेही त्याच्याबरोबर असते. मी वयाच्या तिसाव्या वर्षी सांगली सोडून इथं सिंगापूरला आलो तेव्हा माझीही अपेक्षा त्या बाकीच्या नायकांसारखीच होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरा सीझन एप्रिल २०२० मध्ये यायचा होता. महासाथीनं तो लांबला आणि ८ जुलैला सुरू झाला. तोवर सिंगापूरचा ‘सर्किट ब्रेकर’ म्हणजे इथला लॉकडाऊन संपला होता, दुकानं उघडली होती, पण माणसं अजून घरातच होती. आम्ही ईस्ट कोस्टला मरीन परेडमध्ये राहतो. संध्याकाळी भुयारी वाटेनं हमरस्त्याखालून समुद्रावर जायचं, नांगरून ठेवलेली जहाजं बघायची, परत यायचं, एवढीच मोकळीक. चांगी विमानतळ याच किनाऱ्याच्या टोकाला आहे. एरवी समुद्रावरून उतरणाऱ्या विमानांची रांग दिसते. त्या महिन्यांत आभाळ रिकामं होतं. आठवड्याला एक भाग यायचा आणि बापलेक शेजारी बसून बघायचो. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. माझ्या शेजारी स्वखुशीनं बसण्याचं ते त्याचं शेवटचं वर्ष होतं.

चौथ्या भागात एक परीक्षा येते. ‘सँक्च्युअरी’ नावाच्या गावात एका मृत चेटकिणीचं थडगं आहे. एकिडना तिचं नाव. आत जाणाऱ्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात आणि पहिली असते स्वतःच्या भूतकाळाला सामोरं जाण्याची. सुबारू डोळे उघडतो तर तो जपानमधल्या आपल्या घरी, आपल्या खोलीत. वडील आरडाओरडा करत उठवायला आलेले, आई न्याहारीला बोलावतेय. सगळं नेहमीसारखं. म्हणजे पुन्हा शाळेत न जाण्याचा आणखी एक दिवस.

वडील केनइची हे गल्लीतलं लाडकं माणूस. ज्याला त्याला टाळी देणारे, ओळखी जोडणारे. सुबारू लहानपणी पळण्यात, अभ्यासात पुढे होता, तेव्हा लोक म्हणायचे, शेवटी मुलगा कुणाचा! पुढे बाकीची मुलं सरस ठरू लागली. मग तो अचाट धाडसं करून पुढे राहू लागला, मग त्यालाही कुणी हसेना, आणि हायस्कुलात पहिल्याच दिवशी वडिलांसारखं दिलखुलास वागायच्या नादात त्यानं स्वतःचं हसं करून घेतलं. त्यानंतर दार बंद. जपान सरकारच्या २०२२ च्या पाहणीप्रमाणे अशी घरात कोंडून घेतलेली माणसं १५ ते ६४ या वयोगटात अंदाजे १४ लाख ६० हजार आहेत, तेव्हा लेखकानं हा मुलगा हवेतून काढलेला नाही.

पण मला हलवलं ते त्याच्या अपयशानं नव्हे. बागेत बसून तो वडिलांना जे सांगतो त्यानं. तो घरी बसून राहिला तो आळसानं नाही, भीतीनंही नाही. तो वाट बघत होता की एक दिवस आईवडील कंटाळतील, रागावतील, आपल्यावर पाणी सोडतील. त्यांनी एकदाचं सोडून दिलं की ‘त्यांचा मुलगा’ असण्याचं ओझं उतरेल. ते मात्र रोज सकाळी तितक्याच प्रेमानं उठवत राहिले. तो त्यांचा द्वेष मागत होता आणि ते देत नव्हते. वडील हे ऐकून त्याच्या डोक्यात टाच हाणतात, आणि मग जे बोलतात त्यात कुठंही पाणी सोडणं नाही.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, “हेवी आहे ना?” मी म्हटलं, “हं.” त्या ‘हं’च्या मागे काय होतं ते मला पाच आठवड्यांनी कळलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगलीत वडिलांच्या छातीत दुखू लागलं. मिरजेत अँजिओप्लास्टी झाली. धाकटी बहीण मिरजेतच असते. त्या दिवसांत तिकडं खाट मिळवायची म्हणजे किती दारं ठोठवावी लागायची हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. तिनं ती मिळवली, रात्री बाहेर बाकावर काढल्या, मास्कवर मास्क लावून. मी व्हिडिओवर होतो. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तिच्या रात्री दहाला माझे साडेबारा वाजत, आणि माझं जागरणही आपोआप मोजलं जाई. वडील पलंगावरून म्हणाले, “तू तिकडंच थांब. इथं येऊन काय करणार? दारात बसणार?” आई म्हणाली, “आम्ही बरे आहोत, तू तुझं बघ.” आणि मी सगळ्यांना, नातेवाइकांना, इथल्या मराठी मित्रांना, ऑफिसात, एकच वाक्य सांगत राहिलो: जाता येत नाहीये.

हे वाक्य किती खरं होतं? भारतानं २३ मार्च २०२० पासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली होती आणि ती पूर्ववत झाली थेट २७ मार्च २०२२ ला. म्हणजे बरंचसं खरं. पण अडकलेल्या भारतीयांसाठी सोडलेली ‘वंदे भारत’ची विमानं होती. उच्चायुक्तालयात नाव नोंदवून लोक जात होते. माझ्या ओळखीतले गेले. अडचण जाण्यात नव्हती, परत येण्यात होती: कामाच्या परवान्यावर राहणाऱ्याला इथं पुन्हा शिरण्याआधी सरकारची मंजुरी लागायची, ती कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, मिळाली तरी चौदा दिवस हॉटेलात विलगीकरण. नोकरी अडचणीत आली असती. कदाचित गेलीही असती. घरभाडं, मुलाची शाळा, सगळं त्याच नोकरीवर. तेव्हा न जाण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही. बायकोशी बोलून, कागदावर मांडून घेतलेला निर्णय होता तो.

मला छळतं ते वेगळंच. निर्णय मी घेतला होता, आणि लोकांना सांगितलं की तो घेतला गेला आहे. ‘जाणार नाही’ असं एकदाही म्हटलं नाही. आणि त्याहून खालची गोष्ट अशी की सीमा बंद आहेत हे बरंच आहे, असं मला वाटलं होतं. आत कुठंतरी हायसं वाटलं होतं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत सिंगापूरनं भारतातून येणाऱ्या परवानाधारकांना दार पूर्णच लावलं. ती बातमी वाचताना तर मला जवळपास आभार मानावेसे वाटले. आता प्रश्नच उरला नव्हता. तोवर मार्चमध्ये दुसरा सीझनही संपला होता.

या हायसेपणाचं मूळ शोधताना मला सुबारूची ती बाग आठवली. गेली पंधरा-सोळा वर्षं मी मनातल्या मनात वाट बघत आलो आहे की आईवडिलांनी एकदा तरी तोंड उघडून म्हणावं, तू आम्हाला टाकून गेलास. भांडावं. नावं ठेवावीत. मग मीही माझी बाजू मांडेन, आवाज चढवेन, पैशांचा, फोनचा, तिकिटांचा हिशेब देईन, आणि निकाल काहीही लागो, खटला मिटेल. ते भांडतच नाहीत. ‘आम्ही बरे आहोत’ म्हणतात. दर दिवाळीला चकल्यांचा डबा कुणाच्या तरी हाती पाठवतात. त्यांचं न रागावणं मला प्रेमापेक्षा जास्त तगाद्यासारखं वाटत आलं आहे, हे लिहायला जड जातं, पण आत्मचिंतन म्हणून नुसती गोड कबुली द्यायची तर न दिलेली बरी.

आपल्याकडे चुकलेल्या मुलाची सर्वांत मोठी गोष्ट पुंडलिकाची. तिचा उत्तरार्ध घराघरात माहीत आहे: आईवडिलांचे पाय चेपत असलेला मुलगा, दारात आलेला देव, फेकलेली वीट, आणि अठ्ठावीस युगं ताटकळलेला विठोबा. पूर्वार्ध मात्र कीर्तनकार आटोपता घेतात. त्यात पुंडलिक आणि त्याची बायको काशीच्या वाटेवर घोड्यावर बसलेली असतात आणि म्हातारे आईबाप पायी. मग कुक्कुटस्वामींच्या आश्रमात गंगा, यमुना, सरस्वती दिसतात, त्याचे डोळे उघडतात, सेवा सुरू होते. लहानपणापासून मी ही गोष्ट आजीकडून, कीर्तनातून, शाळेच्या नाटकातून ऐकत आलो. त्या कुठल्याही रूपात जनुदेव आणि सत्यवती काय म्हणाले ते नव्हतं. मुलाचं पालटणं आहे, देवाचं वाट बघणं आहे, म्हाताऱ्यांना एक वाक्य नाही. पाय चेपून घेताना त्यांच्या मनात काशीची वाट येत नसेल? आपण पुंडलिकाला माफ केलं ते आपल्या सोयीनं, त्यांना न विचारता.

आणि इथं ‘री:झीरो’बद्दलही माझी तक्रार आहे. त्या परीक्षेत सुबारूला भेटलेले आईवडील खरे नव्हेत. थडगं त्याच्याच आठवणीतून ते उभे करतं. शाळेच्या वर्गात गणवेश घालून बसलेली एकिडना त्याला भेटते तेव्हा तेही स्पष्ट होतं. खरे केनइची आणि नाओको जपानमध्येच आहेत. त्यांचा मुलगा एका रात्री दुकानात गेला तो परतलाच नाही, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणजे सुबारू स्वतःच्याच मनातल्या बापाकडून माफी घेऊन निघाला. आई शाळेच्या वाटेवर निरोप देते तो प्रसंग बघताना माझेही डोळे भरले होते, नाही असं नाही. तरी ती माफी फार स्वस्त आहे असं आता वाटतं. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. माझ्यापुढे होता. मुंबईपर्यंत साडेपाच तासांचं विमान आणि पुढे रात्रीची बस. तेवढंही नको असेल तर खिशात फोन. असं असूनही मी वर्षानुवर्षं मनातल्याच आईवडिलांशी बोलत राहिलो. मनातले वडील मला समजून घेत. मनातली आई म्हणे, तू काय करणार रे. त्यांना ही वाक्यं मीच दिलेली होती.

मालिकेला याची जाणीव आहे, म्हणून ती तिथं थांबत नाही. नंतरच्या परीक्षेत सुबारूला त्यानं मागे टाकलेली जगं दिसतात. आपण मेलो की तो काळ पुसला जातो, असं तो धरून चाललेला असतो. म्हणून तर मरण त्याला परवडतं. स्वतःचा जीव हे त्याचं चलन. दुसऱ्या सीझनच्या आरंभी आपल्या सोबतिणीला, रेमला वाचवण्यासाठी काळ मागे नेता येईल या आशेनं तो स्वतःच्या गळ्यात सुरा खुपसतो. परीक्षेत त्याला दिसतं की ती खोली तशीच आहे, त्याचे सहकारी फेरिस आणि वृद्ध विल्हेल्म तिथंच आहेत, आणि त्या दोघांना त्या मरणासह पुढे जगायचं आहे. ही जगं खरोखर उरतात की हा आभास आहे, मालिका ठाम सांगत नाही. सुबारू कोसळतो. मुलगा मला तेव्हा म्हणाला होता, “त्याला वाटतं तो सॅक्रिफाइस करतोय. पण बिल बाकीचे भरतात.”

मी सोडून आलेल्या जगाचं बिल बहीण भरते. हे वाक्य मी आज किती सहज लिहिलं! त्या वर्षी ते मला सुचलं नव्हतं. सगळा विचार मी आणि आईवडील असा दोन टोकांचा चाले. बहीण मधे कुठंच नव्हती. ती म्हणजे व्यवस्था. मनातल्या जमाखर्चात माझ्या बाजूला महिन्याचे पैसे होते, रात्रीचे फोन होते, मागवलेला ऑक्सिमीटर होता, अगदी माझी चिंतासुद्धा जमेला धरलेली होती. किराणा दुकानदाराच्या वहीत असतं तसं, उधारी फक्त दुसऱ्यांच्या नावावर. बाकावर काढलेल्या तिच्या रात्रींना त्यात रकानाच नव्हता. सुबारूवर मी चिडलो होतो ते तो एमिलियाला हिशेब सांगतो म्हणून. मी हिशेब कुणाला सांगत नाही, इतकाच आमच्यातला फरक. तो मोठा आहे असं मानायला मला आवडतं.

सुबारूला मी हळूहळू माफ का केलं, याचं उत्तरही मला फारसं मानवत नाही. त्याच्या डोक्यातलं सगळं ऐकू येतं म्हणून. पंचवीस भाग माणसाच्या मनात राहिलं की कुणाचंही पटायला लागतं. पांडुरंग सांगवीकर असाच आवडतो. ‘कोसला’ कादंबरीत बापाचे पैसे उडवणारा तो पोरगा आपल्याला आपला वाटतो, कारण बोलतो तो, बाप नव्हे. त्या न्यायानं मी मलाही कायम माफ करत आलो. माझ्या मनाचं निवेदन मला चोवीस तास चालू ऐकू येतं. बहिणीचं नाही.

मागच्या वर्षी सांगलीला गेलो तेव्हा वडिलांना विचारलंच. जेवणानंतर, ते सुपारी कातरत असताना. “बाबा, तेव्हा मी आलो नाही, राग आला होता का?”

“आला होता की,” ते म्हणाले. मनातले वडील असं कधी म्हणाले नव्हते. मी लगेच विमानं, परवाने, विलगीकरण सुरू केलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “ते माहिती आहे. पेपरात येत होतं रोज.” आणि अडकित्ता खाली ठेवून वामकुक्षीला गेले. खटला असा चालेल असं मला वाटलं नव्हतं. युक्तिवाद तयार, आणि न्यायाधीश झोपायला गेलेले.

संध्याकाळी मिरजेला बहिणीकडे गेलो. तिला सगळंच सांगितलं. ते हायसं वाटणंही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “दादा, हे तू मला का सांगतोस? तुला हलकं वाटावं म्हणून?” मला उत्तर देता आलं नाही, कारण तेच खरं होतं. मग म्हणाली, “वाटू दे. पण नोव्हेंबरात आम्ही दहा दिवस नाहीयोत, सासूबाईंना घेऊन द्वारकेला जातोय. बाबांची तपासणी त्याच आठवड्यात आहे, आणि आईला एकटीनं रात्री उठवत नाही. तू ये. फोन नको करू, ये.”

‘बघतो’ हा शब्द ओठांवर आला होता. त्या वेळी मी तो गिळला. सिंगापूरला परतल्यावर दोनदा कॅलेंडर उघडून बंद केलं, मग नोव्हेंबरची रजा टाकली आणि तिकीट काढलं. तिला तसा निरोप केला. तिचं ‘बरं’ आलं, एवढंच. फोन खाली ठेवला तेव्हा लक्षात आलं, ते दहा दिवस मी माझ्या जमेच्या बाजूला मांडूनही टाकले होते.